तलावाच्या पाळीवरील मोठ्या डेऱ्यात थंडीच्या रात्रीची सुरक्षित ऊब

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या तलावांच्या जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीत पाळीवर मुक्काम पडतो तो दोन कारणांनी. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे विक्रीजोगे झालेले असल्यामुळे रात्री जागल ठेवावी लागते. शिवाय व्यापाऱ्याची गाडी उजाडण्याआधी लागत असल्याने पहाटे चारलाच जाळे ओढायला पाण्यात उतरावे लागते. दहा-बारा माणसांच्या मुक्कामासाठी बल्ल्या आणि बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून साधारण ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा डेरा उभा केला जातो. विदर्भातील थंडी थोड्या दिवसांची असली तरी सौम्य नसते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि गोंदियाकडील किमान तापमान अनेकदा नागपूरपेक्षाही खाली असते. त्यातच पाण्यावरून येणारा वारा आणि ओले अंग असेल, तर डेऱ्यात काही तरी पेटवून ठेवावे, असे कोणालाही वाटणारच.

आम्हीही पहिल्या हंगामात तेच केले. बाहेर शेकोटी घातली, धूर पूर्ण संपू दिला, आणि लालभडक निखाऱ्यांचे घमेले आत आणून मधोमध ठेवले. वारा येऊ नये म्हणून ताडपत्रीच्या कडा मातीखाली दाबल्या होत्या. रात्री अडीच-तीनच्या सुमारास एक जण लघवीला उठला आणि दारातच गुडघ्यांवर कोसळला. त्याला मोहाची जास्त झाली, असे समजून आम्ही हसलो. पण उठून बसलेल्या प्रत्येकाचे डोके ठणकत होते, दोघांना मळमळत होते, आणि त्यांतील एकाने दारूला हातही लावलेला नव्हता. दार पडलेल्या माणसामुळे उघडे राहिले, म्हणून आम्ही सकाळ पाहिली. चूक पूर्णपणे आमची होती, आणि ती एका गैरसमजातून झाली होती: धूर संपला म्हणजे धोका संपला.

प्रत्यक्षात घातक वायू धूर संपल्यावरही निघत राहतो. निखाऱ्यांच्या थरात खालून शिरलेल्या हवेमुळे तळाशी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. शेगडीतील निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना दिसते, ती हाच वायू जळत असल्याची खूण होय. वर राख धरली आणि ती निळी ज्योत विझली, की आतून निघणारा वायू न जळताच डेऱ्यात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनच्या तुलनेत त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडत जातो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी गुंगीच येते. वजनाने हा वायू हवेइतकाच असल्यामुळे तो खाली बसत नाही किंवा केवळ छताशी साचून राहत नाही. खाटेवर झोपले म्हणून सुटका नाही. शेगडीशेजारी पाण्याचे भांडे ठेवल्याने तो शोषला जातो, हा समजही चुकीचा आहे, कारण तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

अमेरिकेतील मिनेसोटात किंवा फिनलंडमध्ये गोठलेल्या तलावावर तंबू ठोकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. त्यांच्या तंबूत गॅसचा हीटर असतो आणि आपल्याकडे घमेले असते. पण बंद तंबूत जीव घेणारा वायू दोन्हीकडे एकच. म्हणून या संपूर्ण लेखातील व्यवस्था एका नियमावर उभी आहे: उघडा विस्तव जागत्या माणसाजवळ आणि बाहेर असावा, जेथे माणसे झोपतात तेथे विस्तव नसावा, आणि डेऱ्यात असलाच तर तो धुराडे असलेल्या बंद चुलीत, जागत्या माणसाच्या नजरेखाली असावा.

पहिली पायरी: डेरा उभारतानाच थंडी अडवणे

ऊब निर्माण करण्यापेक्षा ती टिकवणे स्वस्त पडते, आणि ते काम डेरा उभारण्याच्या दिवशीच होते. पाळीच्या माथ्यावर वारा सर्वाधिक लागतो, म्हणून शक्य असेल तेथे पाण्याच्या विरुद्ध बाजूला, पाळीच्या आडोशाला, पण सांडव्यापासून आणि ओलीपासून दूर अशी जागा निवडावी. विदर्भात हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो. त्यामुळे मुख्य दार दक्षिणेकडे ठेवावे. दुसरे दार मात्र समोरच्या टोकाला असायलाच हवे. तेथे आतून सहज सुटणारा पडदा असावा, आणि त्याला बाहेरून गाठ मारू नये.

दुसरी पायरी: झोपण्याचा कप्पा

येथे थोडा हिशेब करावा लागतो. वर सांगितलेल्या मापाच्या, मधोमध ९ फूट आणि कडेला ६ फूट उंचीच्या डेऱ्याला भिंती आणि छत धरून सुमारे १०० चौरस मीटर ताडपत्री लागते. एकेरी ताडपत्रीच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, साधारण ६ वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजे सगळा डेरा बाहेरपेक्षा केवळ १० अंशांनी गरम ठेवायचा म्हटले, तरी ६००० वॉट, अर्थात २००० वॉटचे तीन हीटर रात्रभर चालवावे लागतील, आणि फटींतून शिरणारा वारा यात धरलेलाच नाही. एवढी उष्णता घमेल्यातून मिळवायची तर किती निखारे आत आणावे लागतील, याचा अंदाज यावरून येतो.

उलट झोपलेला माणूस स्वतःच सुमारे ८० वॉट उष्णता देत असतो, म्हणजे दहा माणसे मिळून ८०० वॉट. ही उष्णता पुरेल एवढीच जागा घेरली, तर विस्तवाशिवाय काम भागते. डेऱ्याच्या दुसऱ्या दाराकडील टोकाला, त्या दारातून बाहेर पडायची वाट मोकळी राहील अशा बेताने, १५ फूट बाय १४ फुटांचा आणि केवळ ५ फूट उंचीचा आतला कप्पा करावा. त्याच्या भिंती आणि छत दुहेरी करावे: बाहेरून ताडपत्री, आतून जुन्या गोधड्या, सतरंज्या किंवा शिवलेला बारदाना, आणि दोहोंमध्ये चार बोटांचे अंतर. अडकलेली हवा हेच सर्वांत स्वस्त पांघरूण आहे. अशा कप्प्यात माणसे झोपली, की तासाभरात बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि वर पांघरूण असल्यावर तो पुरतो.

कप्पा हवाबंद मात्र करू नये. एका बाजूला जमिनीलगत आणि समोरच्या बाजूला छताजवळ, प्रत्येकी वीतभर रुंद आणि हातभर लांब फट कायम उघडी ठेवावी. दहा माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात तीन-चार लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. फट नसेल तर ते ताडपत्रीला आतून दहिवरासारखे धरते, पहाटे टपटप अंगावर गळते, आणि ओली गोधडी ऊब देईनाशी होते.

जमिनीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि पाठीतून शिरणारी थंडी तेथूनच येते. धानाच्या पट्ट्यात तणसाला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नाही. खाली एक ताडपत्री, तिच्यावर दाबल्यानंतरही वीतभर जाड राहील इतकी कोरडी तणस, त्यावर बारदाना आणि मग अंथरूण, अशी रचना करावी. तणस रोज संध्याकाळी काठीने हलवून घ्यावी, कारण तिच्यात विंचू आणि साप उबेला येतात; घोणस आपल्या भागात नवीन नाही. आणि ही तणस आहे म्हणूनच या कप्प्यात कंदील, मेणबत्ती, डासांची कॉइल किंवा विडी यांपैकी काहीही पेटू नये. उजेडाला बॅटरीचा दिवा पुरेसा आहे.

तिसरी पायरी: अंग आणि अंथरूण गरम करणे

पाणी हवेच्या तुलनेत अंगातील उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. त्यामुळे पाण्यातून आलेल्या माणसाने शेकायला बसण्याआधी ओले कपडे उतरवावेत, अंग कोरडे करावे आणि कोरडे कपडे घालून डोक्याला कानटोपी चढवावी. ओल्या बनियनवर स्वेटर चढवून शेकोटीजवळ बसणारा माणूस तासभर कुडकुडत राहतो. कोरडे कपडे एका बंद पेटीत वेगळे ठेवावेत आणि ती पेटी फक्त याच कामासाठी असावी.

अंथरुणासाठी सर्वांत भरवशाचे साधन गरम पाणी हेच होय. रात्री नऊच्या सुमारास बाहेरच्या चुलीवर गंज (मोठे पातेले) भरून पाणी तापवावे, ते हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम असताना रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या एकेरी पत्र्याच्या स्टील बाटलीत भरावे, आणि जाड फडक्यात किंवा लोकरी मोज्यात गुंडाळून पांघरुणात पायांशी ठेवावे. आत निर्वात पोकळी असलेली थर्मास बाटली येथे निरुपयोगी आहे, कारण तिची ऊब बाहेर येतच नाही. बाटली उघडी अंगाला लावू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, किंवा ज्यांनी मद्य घेतले आहे, त्यांना झोपेत भाजल्याचे कळत नाही.

काही जण विटा किंवा दगड तापवून पोत्यात गुंडाळतात. कोरडी वीट चालते; परंतु तलावातून किंवा नाल्यातून उचललेला दगड कधीही विस्तवात टाकू नये. त्याच्या भेगांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि कपची थेट डोळ्याला लागू शकते. गुंडाळलेल्या विटेचे पोतेही करपू शकते, म्हणून ती तणशीवर ठेवू नये. तापलेल्या विटेवर हात टेकवता येत नसेल, तर ती अजून अंथरुणात नेण्यालायक झालेली नाही, असे समजावे.

दारूबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. ती घेतल्यावर अंग गरम झाल्यासारखे वाटते, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात; पण त्याच वाटेने आतली उष्णता बाहेर निघून जाते. शिवाय अशा माणसाला ना धुराने जाग येते, ना हाकेने. जागलीच्या रात्री चहा भरपूर ठेवावा.

चौथी पायरी: शेकोटी बाहेर, जागल्याजवळ

शेकोटी डेऱ्यापासून किमान पंधरा-वीस पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हातभर खोल खड्ड्यात घालावी आणि भोवतालचे वाळलेले गवत दोन पावलांपर्यंत छाटून टाकावे. डेऱ्याची ताडपत्री बहुधा पॉलिथिलीनची असते. ती सुमारे १३० अंशांना वितळते, पेटल्यावर जळते थेंब खाली सोडते, आणि ते थेंब नायलॉनच्या जाळ्यांवर, थर्माकोलच्या पेट्यांवर किंवा तणशीवर पडले तर डेरा वाचवायला वेळ मिळत नाही. जाळी, पेट्या, डिझेल आणि पेट्रोलचे डबे म्हणूनच डेऱ्याबाहेर वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. दोन-दोन तासांची जागल वाटून घ्यावी, आणि ज्याची पाळी असेल त्यानेच शेकोटी सांभाळावी. त्याची पाळी संपली की पुढच्याने जागे होऊन चूळ भरल्याशिवाय आधीच्याने आडवे होऊ नये, असा आमचा रिवाज आहे.

पाचवी पायरी: धुराड्याची चूल, लागतच असेल तर

मुक्काम आठवड्याहून मोठा असेल, म्हातारी माणसे बरोबर असतील, किंवा कपडे सुकवण्याची सोय हवी असेल, तर डेऱ्याच्या मोकळ्या भागात, म्हणजे झोपण्याच्या कप्प्याबाहेर, बंद चूल बसवता येते. गावातील वेल्डिंगवाला जाड पत्र्याच्या ड्रमपासून ती एका दिवसात करून देतो. ड्रम घेताना तो तेलाचा, रंगाचा किंवा कीटकनाशकाचा नाही, याची खात्री करावी; अशा ड्रमला वेल्डिंग किंवा गॅसकटर लावताना आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो, आणि कीटकनाशकाचा ड्रम तर कितीही धुतला तरी घेऊ नये. जस्त चढवलेला पत्रा किंवा जस्ताचा पाइपही चुलीजवळ वापरू नये, कारण फार तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो.

चुलीला लाकूड घालण्याचे दार घट्ट बसणारे असावे, त्याखाली हवा कमी-जास्त करण्याची झडप असावी, आणि मागून पाच-सहा इंच व्यासाचा लोखंडी पाइप सरळ वर जावा. पाइपाला वळणे जितकी कमी, तितका धूर चांगला ओढला जातो. पाइपाचे तोंड छतातून निघाल्यावर किमान ३ फूट वर असावे, आणि १० फुटांच्या परिघातील छताच्या उंच भागापेक्षा २ फूट उंच असावे. हे पाळले नाही, तर वारा फिरताच धूर उलटा आत येतो. तोंडावर ठिणग्या अडवणारी जाळी आणि पावसाची टोपी बसवावी. जेथे पाइप ताडपत्रीतून बाहेर पडतो तेथे ताडपत्री चौफेर दीड फूट कापून, त्या जागी मधोमध भोक पाडलेला साधा पत्रा बसवावा. बहुतेक डेऱ्यांतील आगी याच जागेत कसर केल्याने लागतील, असे माझे मत आहे. चूल स्वतः विटांच्या दोन थरांवर उभी करावी आणि तिच्यापासून सर्व बाजूंनी ३ फुटांपर्यंत कापड, तणस, लाकूड किंवा माणसाचे अंथरूण येऊ देऊ नये. कपडे सुकवण्याची दोरी चुलीच्या वर नव्हे, बाजूला बांधावी.

पेटवताना आधी एक कागद पाइपाच्या बुडाशी जाळून पाइप गरम करावा. थंड पाइपात हवा जड होऊन बसलेली असते, आणि ती वर सरकल्याशिवाय धूर आतच फिरतो. लाकूड बाभळीचे किंवा धावड्याचे, निदान गेल्या हंगामात तोडून सुकवलेले असावे. ओले लाकूड उष्णता कमी देते आणि पाइपात काळे कीट धरते, जे पुढे स्वतःच पेट घेते. कीट काढण्यासाठी पाइप दर आठवड्याला थंड असताना काढून ठोकावा. प्लास्टिक, टायर, रंगवलेले लाकूड आणि दगडी कोळसा चुलीत घालू नये. चंद्रपूर-वणी भागात दगडी कोळसा सहज मिळतो, परंतु त्याची उष्णता या पत्र्याला झेपत नाही आणि गंधकाचा वायू वेगळाच त्रास देतो.

सर्वांत मोठी चूक निजण्याच्या वेळी होते. निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून झडप पूर्ण बंद केली जाते, हवा कमी पडते, आणि चुलीत कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. झडप कधीही पूर्ण बंद करू नये. शेवटचे लाकूड निजण्याच्या दोन तास आधी घालावे आणि चूल आपोआप विझू द्यावी. चूल चालू असेल तोवर जागल्या आत असावा.

गॅस, वीज आणि जनरेटर

गॅसचे उघडे हीटर बंद डेऱ्यात झोपताना वापरू नयेत. ऑक्सिजन कमी होताच बंद पडणारे हीटर मिळतात, पण ती यंत्रणा ऑक्सिजन मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत, म्हणजे नेमका झोपलेल्या माणसांच्या पातळीवर साचतो. सिलिंडर डेऱ्याबाहेर उभाच ठेवावा आणि गळतीसाठी १९०६ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

शेतीपंपाच्या लाइनवर आकडा टाकून हीटर लावणे हे कायद्याने गुन्हा आणि ओल्या जमिनीवर मरणाला आमंत्रण आहे. रीतसर जोडणी असेल तर २००० वॉटच्या हीटरला १६ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-संरक्षक स्विच लागतो. जनरेटर डेऱ्यापासून २० फुटांहून अधिक दूर, धुराचे तोंड पलीकडे करून ठेवावा. पावसाच्या भीतीने तो ताडपत्रीखाली घेऊ नये.

सहावी पायरी: सूचना देणारे यंत्र

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, आणि चूल असो वा नसो, तो डेऱ्यात असावा. धुराचा अलार्म वेगळा असतो. खरेदी करताना गफलत होऊ देऊ नये. यंत्र झोपण्याच्या कप्प्यात, निजलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगावे, दर संध्याकाळी चाचणीचे बटण दाबून आवाज तपासावा आणि यंत्रावर लिहिलेली वापराची मुदत पाहावी. अलार्म आहे म्हणून घमेले आत आणण्याची मुभा मिळत नाही.

डोके दुखू लागल्यास

एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत बळ नसणे, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटणे, ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची खूण ओळखावी. अशा वेळी कारण शोधत बसू नये. सर्वांना हाका मारून बाहेर काढावे, जो उठत नाही त्याला ओढत न्यावे, दोन्ही पडदे फाडून का होईना उघडावेत, डोकी मोजावीत आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

कोरोनाच्या काळापासून गावोगावी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत, पण या विषबाधेत त्यावर विश्वास ठेवू नये. हा वायू चिकटलेले रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच दिसते, आणि माणूस बेशुद्ध होत असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचताच "बंद जागेत निखारे होते" हे वाक्य सर्वांत आधी सांगावे. नाही तर उलट्या पाहून अन्नातून विषबाधा किंवा दारू असा समज होतो. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तास-दीड तास पुरतो. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयविकाराचा रुग्ण यांना बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यावे.

आगीसाठी दोन्ही दारांशी पाण्याच्या भरलेल्या बादल्या, वाळूचे पोते आणि ताडपत्री कापायला एक धारदार विळा ठेवावा. तलाव शेजारी आहे, पण बादली भरून आणण्याइतका वेळ ताडपत्री देत नाही. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालावे. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये.

राख

मुक्काम हलवण्याच्या सकाळी सगळ्यांना मासे गाडीत चढवण्याची घाई असते, आणि राखेचा ढीग फुंकर मारून थंड ठरवला जातो. राखेखालचे निखारे दिवसभरानंतरही जिवंत सापडतात. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरावी, पाणी ओतून काठीने ढवळावी, वाफ येणे थांबेपर्यंत पुन्हा ओतावे, आणि मग हाताची मागची बाजू तिच्यावर धरून पाहावी. उबदार लागली तर आणखी पाणी. बादली गाडीत जाळ्यांच्या शेजारी ठेवू नये. राख खड्ड्यात पुरून बादली रिकामीच न्यावी.